फोनमागे चालणारी मोटर

एकशे बारा नंबरवर गेलेल्या त्या फोनमध्ये माझा आवाज आहे. फोन अडतीस सेकंदांचा आहे. शेवटी शेवटी मी बोलायचा थांबतो आणि पलीकडची बाई तेवढी म्हणत राहते, "हॅलो, तुमचं नाव सांगा, नाव सांगा ना." नंतर जवळजवळ दोन वर्षं आमच्या भागातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना विचारत होते, की हा फोन केला कोणी? मी त्यांच्यातच बसून बशीतला चहा फुंकत होतो.

शेलूबाजारला जीप स्टँडच्या मागे माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरी माझ्याकडे येतात. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, वाळू द्यायचं आणि शेवटी मोटर टेबलावर चालवून कान लावायचा, एवढंच काम तीस वर्षं केलं. दुकानात डाव्या हाताला एक लांब फळी आहे. तिच्यावर रोज पंधरा-वीस फोन चार्जिंगला असतात. सकाळी दूध घालायला आलेले शेतमजूर, सालदार फोन ठेवून शेतात जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात. कोणी पावती मागत नाही, कोणी फोनला कुलूप लावत नाही. उलट फोन वाजला तर मीच उचलावा अशी पद्धत आहे. "तो शेतात हाये, सांजच्याले येईन," एवढं सांगून ठेवायचा. कोणाच्या पोराला ताप आला, कोणाची गाय व्याली, हे त्या माणसाच्या आधी मला कळतं. दुसऱ्याचा फोन हातात घेणं मला कधी परकं वाटलं नाही. माझ्या हातून जे झालं, ते इथूनच झालं.

गावापासून दोन किलोमीटरवर एका मोठ्या शेतकऱ्याची विहीर होती. त्याला सगळे मालक म्हणत. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत त्याच्या विहिरीतली पाणबुडी मोटर जळाली आणि माझ्याकडे आली. मी ती भरली. पण माझी एक रीत आहे. मोटर जळाली, की ती बसवण्याआधी मी जाऊन स्टार्टर बघून येतो. एक फेज जात असेल तर नवी भरलेली मोटरही आठ दिवसांत जळते. म्हणून त्या दिवशी दुपारी मोटर टेबलावरच ठेवली, पिशवीत पक्कड आणि टेस्टर टाकला, गाडी नाल्याच्या अलीकडे लावली आणि पायवाटेने विहिरीवर गेलो.

मालक हौदाजवळ पालथे पडले होते. डोक्याच्या मागे रक्त होतं. एका पायातली चप्पल निघून बाजूला पडली होती. मी हाका मारल्या. "मालक, ओ मालक!" ते हलले नाहीत. मी चार-पाच पावलांवर उभा होतो. आणखी जवळ गेलो नाही. हात लावला नाही. मागे वळलो आणि पळालो.

दुकानात येऊन मी तांब्याभर पाणी प्यालो आणि बसून राहिलो. माझ्या पावलांचे ठसे तिथे होते. माझ्या पिशवीत लोखंडी पक्कड होती. माझ्या फोनवरून कळवलं तर पोलीस पहिला मलाच उचलतील, आणि पुढची दहा वर्षं कोर्टाच्या तारखा करण्यात जातील, असं मनात येत होतं. हे सगळं घोळवण्यात चाळीस मिनिटं गेली. मग मी टेबलावरची मोटर सुरू केली. बाहेर जीपवाले बसले होते, त्यांना माझं बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून. तोंडावर रुमाल बांधला, फळीवरचा एक फोन उचलला आणि म्हणालो, "मालकाच्या विहिरीवर माणूस पडला हाये. लवकर या." गावाचं नाव सांगितलं. त्या बाईने माझं नाव विचारलं. मी फोन ठेवला.

तो फोन मालकाच्या सालदाराचा होता.

गाडी पोहोचली तेव्हा मालक गेलेले होते. दुसऱ्या दिवशी पोलीस दुकानात आले. तपास करणारे साहेब स्टुलावर बसले आणि सरळ विचारलं, "हा नंबर सालदाराचा आहे. तो म्हणतो, फोन दिवसभर तुझ्या फळीवर होता. खरं का?"

मी म्हणालो, "सकाळीच घेऊन गेला, साहेब."

एवढंच. चार शब्द. त्यांनी लिहून घेतले, मी सही केली.

सालदार पस्तिशीचा माणूस, कमी बोलणारा. गुढीपाडव्याला साल, म्हणजे वर्षाची चाकरी, धरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाचं शेत सोडायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. घटनेच्या दोन दिवस आधी पिठाच्या गिरणीवर चारचौघांत तो मालकाला म्हणाला होता, की मी हे साल अर्ध्यावर सोडून चाललो. मालकही गरजले होते, "पाडव्याच्या आंधी तुयी सुटका नाई!" त्या दिवशी तो दूरच्या तुकड्यात तुरीवर एकटाच फवारणी करत होता. त्याला पाहणारं कोणी नव्हतं. त्यात फोन त्याचा, फोनमधला आवाज ओळखू न येणारा, आणि मी म्हणालेलो, की फोन त्याच्याच जवळ होता. पोलिसांनी धागा जुळवला तो सरळ वाटेल असाच होता. यानेच मारलं, आणि घाबरून यानेच फोन केला. त्याला अटक झाली, जामीन मिळाला नाही. तपासणीच्या अहवालात आवाज कोणाचा ते नक्की सांगता येत नाही असं आलं. मात्र आवाजामागे एक घरघर स्पष्ट ऐकू येत होती. ती विहिरीवरची मोटर, म्हणजे फोन करणारा विहिरीवरच उभा होता, असं आरोपपत्रात लिहिलं गेलं.

ती मोटर माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात पडून होती. मालकांनी ती परस्पर आणून टाकली होती, घरच्यांना किंवा सालदाराला ठाऊक नव्हतं; मालक गेले, न्यायला कोणी आलं नाही. मी ती पोत्यात बांधली आणि वर रिकामे पत्र्याचे डबे रचले.

सालदाराची बायको दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी दुकानासमोर येऊन उभी राहायची. भांडली नाही, रडली नाही. दर वेळी एकच म्हणायची.

"मिस्त्री, आठवून पाहा ना. थे म्हणतात, फोन फयीवरच होता."

"वहिनी, मले आठवत असतं त मी सांगतलं नसतं काय?"

"बरं. मंग पुढच्या बाजारी इचारतो."

आणि पुढच्या बाजाराला खरंच विचारायची. तिला दुरून येताना पाहिलं की मी मोटर सुरू करायचो, म्हणजे बोलणं होऊ नये. ती मोटर बंद होईपर्यंत थांबायची. किती वेळ चालवणार? रिकामी मोटर तापते.

शेवटी मला पकडलं ते माझ्या बायकोने. दिवाळीआधी दुकान झाडताना तिने डबे हलवले, पोतं उघडलं, मोटरीला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव वाचलं.

"थे मोटर त्याईच्या घरी काहून देली नाई?"

"राहून गेली."

"दोन साल?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी काय लपवून राह्यले?"

मी सांगितलं. दुकानाच्या पायरीवर बसून, भर दुपारी, सगळं सांगितलं. तिने झाडू हातातच धरून ऐकलं. मला वाटलं, ती म्हणेल आता गप्प राहा, आपल्याला पोरी आहेत. ती म्हणाली, "जगाच्या मोटरीचा फाल्ट तुमाले सापडते. सोताचा सापडाले दोन साल लागले." मग पोतं पुन्हा बांधू लागली. गाठ मारताना म्हणाली, "यावर पाणी पडू देऊ नका. हे कामी येईन."

साक्षीच्या समन्सची तारीख पंधरा दिवसांवर होती. मी सरकारी पक्षाचा साक्षीदार होतो, सालदाराच्या विरुद्धचा. दुसऱ्या दिवशी एसटीने कारंज्याला गेलो. सालदाराची वकील तिथे राहायची, सरकारी मोफत मदतीतून त्याला मिळालेली, माझ्या थोरल्या पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. डबा खात होती. मी बोलत गेलो तसा तिचा घास हातातच राहिला. सगळं ऐकून झाल्यावर तिने डबा बंद केला.

"हे तुम्ही कोर्टात सांगणार आहात? की मला सांगून हलकं होऊन घरी जाणार आहात?"

मी म्हणालो, "कोर्टात."

"मग तुम्हीच विहिरीवर गेला होता, हेही सांगावं लागेल. उद्या संशय तुमच्यावर येईल. कळतंय ना?"

"कळतंय. त्याच भेवानं त हे झालं."

तिने फाइल काढली आणि पानं उलटत एका ओळीवर बोट ठेवलं. मालकाच्या पुतण्याने आपल्या साक्षीत सांगितलं होतं, की काका गेल्यावर विहिरीत मोटर नव्हती, चोरीला गेली असेल असं वाटून आम्ही नवी आणून बसवली. ती ओळ कोर्टाच्या कागदावर चार महिने नुसती पडून होती. पंचनामा करणाऱ्यांनी खांबावरचा स्टार्टर आणि विहिरीत उतरलेली केबल पाहिली आणि "विहिरीवर मोटर आहे" असं लिहून टाकलं. विहिरीत डोकावून कोणी पाहिलंच नव्हतं. वकीलबाई पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मिस्त्री, ती मोटर पुसू नका. चिठ्ठी सोडू नका. आहे तशी घेऊन या."

साक्षीच्या दिवशी मोटर न्यायला मी स्टँडवरच्या एका म्हाताऱ्या जीपवाल्याला सांगितलं. त्याला सगळे चाचा म्हणतात. दोघांनी मिळून पोतं मागे चढवलं.

"अरे मिस्त्री, इसमें मुर्दा भरा है क्या? इतना वजन?"

"मुर्दा नाई, चाचा. गवाह हाये."

"तो फिर आगे बिठाव. गवाह को पीछे कायको डालते?" असं म्हणून चाचाने खरंच पोतं पुढच्या सीटवर ठेवायला लावलं आणि मी मागे बसलो. वाशिमपर्यंत मला तीनदा उतरून जावंसं वाटलं. चाचा आरशातून बघत होता. एकदाच म्हणाला, "पानी पियो."

पिंजऱ्यात उभा राहिलो तेव्हा सालदार समोर भिंतीला लागून उभा होता. केस पिकले होते. दोन वर्षांत मी त्याला पहिल्यांदा बघत होतो. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीने फोन सकाळीच नेला होता, हे बरोबर आहे?"

"नाही," मी म्हणालो. "फोन फळीवर होता. एकशे बाराला फोन मी केला."

सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करा म्हणून अर्ज केला. फितूर या शब्दाची मला लहानपणापासून लाज वाटत आली आहे. त्या दिवशी तो माझ्या नावापुढे लागला आणि माझी मान ताठ झाली, हे मी खरं सांगतो.

मग त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. किती घेतले? कोणाच्या सांगण्यावरून बदललात? शेवटी म्हणाले, "फोनमध्ये विहिरीवरच्या मोटरचा आवाज आहे. तुम्ही दुकानात होता म्हणता. मग मोटर कुठून आली?"

माझ्या वाइंडिंगच्या तीस वर्षांत इतका माझ्या हातातला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी न्यायाधीश साहेबांना विनंती केली, की तो आवाज एकदा ऐकवावा. ऐकवला. माझाच आवाज, रुमालातून आलेला. मागे घरघर.

"साहेब," मी म्हणालो, "ही पाणबुडी मोटर आहे. विहिरीत पाण्याखाली असते तेव्हा काठावर तिचा आवाज येतच नाही. काठावर ऐकू येतं ते हौदात पडणारं पाणी. इथं पाणी कुठे पडतंय? ही मोटर कोरडी आहे, टेबलावर आहे, बिनलोडची आहे. आणि आणखी एक. मधेच तीन ठोके आहेत. टक टक, मग थांबून टक. मोटर सुरू केली, की मी पकडीने अंगावर तीन ठोके देतो, बेअरिंग वाजतं का ते बघायला. फोन कानाला असतानाही हात सवयीने गेला."

पुन्हा ऐकवलं. तीन ठोके होते. दोन वर्षांत ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मी पिंजऱ्याच्या लाकडावर बोटाच्या पेराने तसेच दिले. टक टक. टक.

"आणि साहेब, त्या दिवशी त्या विहिरीत मोटर नव्हतीच. ती माझ्याकडे होती. आज बाहेर जीपमध्ये आहे."

शिपाई आणि चाचा पोतं घेऊन आत आले. मालकाचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी तशीच होती, वार्निशचा डाग पडलेली. वकीलबाईने पुतण्याच्या साक्षीतली ती ओळ वाचली. सालदाराची बायको मागच्या बाकावर बसली होती. ती उठून उभी राहिली. कोणीतरी बसा म्हणालं, ती बसली नाही, आणि तिला कोणी पुन्हा सांगितलं नाही.

मी पिंजऱ्यातून उतरत होतो तेव्हा न्यायाधीश साहेब मला म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी बोलला असतात तर एक माणूस घरी राहिला असता." मी हात जोडले.

महिन्याभराने निकाल लागला. सालदार निर्दोष सुटला. मधल्या काळात पोलिसांनी मला चार वेळा बोलावलं, गाडी पाहिली, पक्कड नेली, पुन्हा आणून दिली. मालकांना कोणी मारलं ते अजून कोणालाच कळलेलं नाही. गावात आजही दोन-तीन मतं आहेत आणि त्यातल्या एकात मी आहे. मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. मी चार पावलांवर उभा होतो तेव्हा ते श्वास घेत होते का? डॉक्टर साक्षीत म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. माझी ती चाळीस मिनिटं कोणाच्या खात्यात टाकायची ते मला ठाऊक आहे.

निकालाच्या दिवशी चाचाच्या जीपमधून आम्ही परत आलो. पुढे वकीलबाईने दिलेली पेढ्याची पेटी मांडीवर घेऊन सालदाराची बायको, मागे मी आणि तो समोरासमोर. अर्धा रस्ता तो बाहेरची हरभऱ्याची शेतं बघत होता. मग म्हणाला, "पयल्याच दिशी काहून नाई सांगतलं?"

"भेव वाटलं."

"भेव मलेबी वाटलं होतं," तो म्हणाला. "पन मी खरंच सांगतलं."

मी मान खाली घातली. मग कोर्टात कोणी न विचारलेली गोष्ट मीच सांगितली. फळीवर अठरा फोन होते, आणि मी त्याचाच का उचलला? लाल रबर लावलेला त्याचा फोन मी ओळखून उचलला होता. मला वाटलं, घरचाच माणूस आहे, त्याच्या नंबरवरून खबर गेली तर कोणी वेगळं काही समजणार नाही, संध्याकाळी फोन त्याच्या हातात गेला, की पोलीस त्यालाच परत फोन करतील आणि तो मालकाच्या घरी धावत जाईल. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे तुमी मायावर भरोसा ठेवला होता." आणि हसला. त्यात टोमणा होता, आणि मला तो पुरेपूर लागला. पण तो हसला होता.

शेलूबाजार आलं तसा चाचाने हॉर्न दाबला तो स्टँडपर्यंत सोडलाच नाही. जीपवाले, फळवाले, गिरणीवाला सगळे बाहेर आले. ज्या गिरणीवर ते भांडण झालं होतं, तिथल्याच माणसाने पिठाच्या हाताने सालदाराला मिठी मारली आणि त्याचा सदरा पांढरा झाला. "आता हे कोन धुईन?" म्हणत त्याची बायको ओरडली आणि सगळ्यात आधी पेढा तिने चाचाच्या तोंडात कोंबला. दुसरा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "मिस्त्री, आता पुढच्या बाजारी नाई येत इचाराले."

कोर्टातून परत मिळालेला त्याचा फोन फुगलेल्या बॅटरीचा होता. मी नवी बॅटरी टाकली, त्याने नवं सिम घेतलं. या पाडव्याला त्याने कोणाचं साल धरलं नाही, बटईने शेत केलं आहे. सकाळी येतो, फोन फळीवर ठेवतो, तेच लाल रबर, आणि जातो. पहिल्या दिवशी ठेवताना हात जरा थांबला होता. आता थांबत नाही.

काल दुपारी तो फोन वाजला. मी मोटर बंद केली, फोन उचलला, आधी माझं नाव सांगितलं आणि मग म्हणालो, "तो शेतात हाये, सांजच्याले येईन." फळीवरचा कोणाचाही फोन उचलला, की आता मी आधी नाव सांगतो.

"मालूम हाये, मिस्त्री," पलीकडून त्याची बायको म्हणाली, "किती डाव सांगसान? त्याईले म्हना, येताना मिरच्या आनजा."